अडकलेला खटका

सेनगावातल्या त्या घरी पोचलो तेव्हा कॅमेरा ओसरीवर येऊन बसला होता. पितळी ताटात धुतलेला पंचा अंथरला होता आणि त्यावर तो ठेवला होता. पुढं एकावर एक दोन भिंगं, उजव्या अंगाला चावीची दांडी, डोक्यावर पत्र्याचं मिटलेलं टोपडं. या घराच्या पुढच्या खोलीत एकेकाळी फोटो स्टुडिओ होता. तो चालवणारे गृहस्थ जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा शेती पाहतो, सोयाबीन आणि हळद. लोखंडी कपाट रिकामं करताना त्याला कॅमेरा सापडला.

"भाऊ, ह्याची चावीच फिरना गेली," तो म्हणाला. "खटका खाली जातो, पण आवाजच येत नाही. पक्कड लावून जरासा जोर देऊ का?"

पक्कड त्याच्या हातातच होती. ती आधी बाजूला ठेवायला सांगितली. माझ्या हाती आजवर आलेल्या बंद कॅमेऱ्यांपैकी जे कायमचे गेले, त्यातल्या बहुतेकांना माझ्याआधी कुणीतरी जोर लावलेला होता. दात्याचा एक दात उडाला की तो नवा मिळत नाही; दुसरा तसाच कॅमेरा फोडून काढावा लागतो.

जोर का लावायचा नाही हे समजायला कॅमेरा मुळात अडतो कशासाठी ते पाहिलं पाहिजे. जुन्या डबा कॅमेऱ्यात फिल्म पुढं सरकवणं आणि शटर उघडणं या दोन गोष्टींची एकमेकींशी ओळखच नसे. मागच्या लाल खिडकीतून आकडा पाहायचा, तो मधोमध आला की चावी थांबवायची आणि खटका दाबायचा. सरकवायचं विसरलं की एकाच चौकटीवर दोन चित्रं. नवरदेवाच्या छातीतून लिंबाचं झाड वर आलंय असे फोटो जुन्या अल्बमांत सापडतात, ते याच विसरण्यामुळं. पुढं कारागिरांनी दोन्ही गोष्टी दात्यांनी जोडल्या. चावी फिरवली की फिल्म एक घर सरकते, त्याच हालचालीत शटरची स्प्रिंग ताणली जाते, आणि लगेच चावीला अडसर बसतो. शटर सुटल्याशिवाय अडसर निघत नाही. आपल्याकडच्या लग्नांत खूप राबलेला यशिका मॅट १२४ जी (१९७० ते १९८६ या काळात तो बनत होता) याच घराण्यातला. १२० ची फिल्म, सहा सेंटिमीटर चौरसाच्या बारा चौकटी, आणि प्रत्येक चौकटीमागं हा अडसर. म्हणजे चावी घट्ट लागते तेव्हा बहुधा मोडतोड झालेली नसते. आतलं एखादं काम अर्धवट राहिलंय आणि ते पुरं होईपर्यंत यंत्र पुढं जायला तयार नाही, इतकंच. कुठलं काम राहिलंय ते शोधायचं.

त्यासाठी पेचकस लागत नाही. निदान पहिला अर्धा तास तरी नाही.

आधी खोटे अडथळे तपासावेत, कारण अडकलेले म्हणून येणारे कितीतरी कॅमेरे अडकलेलेच नसतात. खटक्याभोवती कुलपाची कडी असते, ती फिरलेली असते. पस्तीस मिलिमीटरच्या कॅमेऱ्यात छत्तीस फोटो संपलेले असतात आणि दांडा अर्ध्यात थांबतो. इथं जोर लावण्यासारखी दुसरी चूक नाही. फिल्मचं शेवटचं टोक डबीतल्या रिळाला चिकटवलेलं असतं. ते सुटलं की फिल्म परत डबीत गुंडाळता येत नाही. तळाचं छोटं बटण दाबून फिल्म मागं फिरवायची, बस. कॅनन एई-१ चं शटर विजेवर चालतं. सहा व्होल्टची बॅटरी मेली की खटकाही मुका आणि दांडाही मुका, आणि नवी बॅटरी घातली की सगळं सुरळीत. निकॉन एफईचा आरसा बॅटरी संपल्यावर वर जाऊन तिथंच थांबतो. वेगाची चकती एम ९० वर आणली की तो खाली येतो, कारण तो एक वेग निव्वळ यांत्रिक आहे. ऑलिंपस ट्रिप ३५ अंधारात खटका दाबूच देत नाही, दिसण्याच्या खिडकीत लाल पाटी वर येते. उजेड पुरत नाही असं तो सांगत असतो. भिंगावरचं झाकण तसंच असलं तरी हेच होतं, आणि ते झाकण काढून मी एकदा एका गृहस्थांचा कॅमेरा दोन सेकंदांत दुरुस्त केला आहे.

पेंटॅक्स के १००० सारख्या कॅमेऱ्याचं म्हणूनच मला कौतुक वाटतं. त्याची बॅटरी फक्त उजेड मोजायला लागते; ती काढून फेकली तरी शटर चालतं. खेडोपाडीच्या फोटोग्राफरला असंच यंत्र हवं होतं. बॅटरी आणायला हिंगोलीला जायचं म्हणजे दिवस मोडायचा.

खोटे अडथळे संपले की खरे. त्यात पहिला मान वंगणाचा. भिंग पुढंमागं सरकतं त्या आट्यांत घट्ट ग्रीस भरलेलं असतं. ग्रीस म्हणजे साबणासारख्या गाभ्यात धरून ठेवलेलं तेल. वर्षानुवर्षं उन्हाळे सोसले की तेल गाभ्यातून सुटतं आणि पसरत पसरत शटरच्या पात्यांवर येतं. ही पाती कागदासारखी पातळ, पोलादाची. ती पूर्ण कोरडी असावी लागतात. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवल्या तर जशा उचलवत नाहीत, तशी तेलकट पाती एकमेकांना धरून बसतात आणि स्प्रिंग बिचारी ताणलेलीच राहते. तेल उडून गेल्यावर मागं उरलेलं ग्रीस वाळून डिंकासारखं होतं, आणि मग दाते अडतात. मराठवाड्यातला मे महिना, वर पत्रे, खाली लोखंडी कपाट, आणि कपाटात चामड्याच्या पेटीत बंद केलेला कॅमेरा: ग्रीस फुटायला यापेक्षा चांगली सोय करता येणार नाही. ती चामड्याची पेटी तर दुहेरी घात करते. उन्हाळ्यात ती उष्णता धरते आणि पावसाळ्यात ओल. ओलीनं भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी चढते. कॅमेरा जपायचा असेल तर पेटी वेगळी ठेवावी, कॅमेरा वेगळा, हवा खेळती.

दुसरा खरा अडथळा फोमचा. आरसा वर आदळू नये म्हणून आणि मागच्या दारातून उजेड शिरू नये म्हणून कारखान्यात काळ्या फोमच्या पट्ट्या लावत. हा पॉलियुरेथेनचा फोम हवेतल्या ओलाव्यानं कुजतो. पंधरा-वीस वर्षांनी त्याचा डांबरासारखा चिकटा होतो आणि आरसा त्याला चिकटून वरच राहतो. हे काम मात्र घरी करण्यासारखं आहे. कापसाची काडी, थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भरपूर सावकाशी. आरशाच्या पृष्ठभागाला बोट लावायचं नाही. त्याचा मुलामा वरच्या बाजूला असतो, घरातल्या आरशासारखा काचेमागं नसतो.

तिसरा अडथळा माणसानं केलेला. रशियन झेनिट आणि झोर्की हे स्वस्त आणि दणकट कॅमेरे. त्यांच्या बाबतीत नियम असा, की आधी दांडा ओढायचा, मग वेगाची चकती फिरवायची. उलट केलं की आतली यंत्रणा बिघडू शकते. पात्यांच्या बऱ्याच जुन्या शटरांत नेमकं याच्या उलट: १/५०० चा वेग लावायचा असेल तर तो शटर ताणण्याआधी लावायचा, कारण त्या एका वेगासाठी वेगळी जादा स्प्रिंग असते. हॅसलब्लाडचं तर भिंग आणि धड दोन्ही ताणलेले असले तरच ते एकमेकांत बसतात नि सुटतात. एक ताणलेलं आणि दुसरं सुटलेलं असलं की जोडी अडकते, आणि मागच्या बाजूनं लांब पेचकस घालून भिंगाचा दांडा एक फेरा फिरवावा लागतो.

आणि चौथा, आपल्याकडचा. लग्नातल्या दोन भिंगांच्या कॅमेऱ्याचं टोपडं वरून उघडं असतं, फोटोग्राफर मान खाली घालून त्यात पाहतो. मंगलाष्टकं संपतात आणि अक्षता पडतात. कुंकवात रंगलेले तांदूळ मी अशा टोपड्यांच्या कोपऱ्यांतून चिमट्यानं काढले आहेत. हळदीच्या कार्यक्रमाची पूड तर तांदळापेक्षा वाईट, कारण ती दिसत नाही. ती तेलाच्या पापुद्र्यावर बसते आणि त्याची खळ होते. खळ्यावर सोयाबीन निघत असताना फोटो काढला की भुसाही तेच करतो. जर्मन आणि जपानी पुस्तकांत या रोगाचं वर्णन मला सापडलेलं नाही, पण हळद पिकवणाऱ्या जिल्ह्यात तो गृहीत धरावा.

ओसरीवरचा कॅमेरा मी हातात घेतला तेव्हा ही सगळी यादी मनात होती. जपानी बनावटीचा, कंपनीचं नाव इथं महत्त्वाचं नाही, कारण इतकी वर्षं न फिरलेलं कुठलंही घड्याळ असंच वागलं असतं. कुलपाची कडी उघडी होती. भिंगाच्या पात्यांवर बॅटरीचा झोत टाकला. पाती मिटलेली आणि कोरडी दिसत होती. मग आकड्याच्या खिडकीत पाहिलं. आत सात होता.

म्हणजे कॅमेऱ्यात रोल होता. आता आजारी कोण हा प्रश्नच बदलला. यंत्र दुसरं मिळेल, रोल मिळणार नाही. मागचं दार उघडून पाहण्याचा मोह अशा वेळी फार होतो, आणि कितीतरी घरांतले शेवटचे फोटो याच मोहानं गेले आहेत. काही जण लाल दिवा लावून दार उघडतात. लाल दिवा फोटोच्या कागदापुरता असतो. कॅमेऱ्यातली सर्वसाधारण काळी-पांढरी फिल्म लाल रंगही पाहते, त्यामुळं तिला लाल दिवा आणि ट्यूबलाइट सारखेच. दार उघडायचंच असेल तर पूर्ण अंधार लागतो. जुने फोटोग्राफर रात्री खिडकी नसलेल्या खोलीत, डोक्यावरून दोन गोधड्या घेऊन हातांनी चाचपत हे करत, आणि ती पद्धत आजही डार्क बॅगइतकीच चांगली आहे.

मी दार उघडलं नाही. पुढून पाहत राहिलो. आणि खालच्या भिंगाच्या कडेला तो दिसला, सेल्फ टायमरचा छोटा दांडा, ना वर ना खाली, मधेच थांबलेला.

सेल्फ टायमर म्हणजे शटरच्या पोटातलं छोटंसं घड्याळ. दांडा खाली ओढला की एक स्प्रिंग ताणली जाते. खटका दाबला की चार-पाच बारीक दाते नांगराच्या आकाराच्या एका पट्टीला धक्के देत करकर फिरू लागतात, आठ-दहा सेकंदांत दांडा घरी पोचतो आणि शेवटच्या क्षणी शटर सुटतं. कॅमेऱ्यातला हा सगळ्यात अशक्त भाग, कारण त्याची स्प्रिंग मुद्दाम हलकी ठेवलेली असते आणि तो वापरलाही क्वचित जातो. म्हणून ग्रीस वाळलं की आधी तो बसतो. जुना कॅमेरा हाती आला तर सेल्फ टायमरला हात लावू नये, असं दुरुस्तीवाले सांगतात ते यामुळंच.

मी मुलाला विचारलं, "तुमचे वडील स्वतः फोटोत असायचे का?"

तो थोडा थांबला. आतून त्याच्या आई बाहेर आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "न्हाई. समद्या गावाचे काढले, सोताचा एक न्हाई. म्या म्हणायची, एकदा तरी उभं ऱ्हावा."

एकदा ते उभे राहिले असावेत, किंवा राहायला निघाले असावेत. दांडा ओढला, खटका दाबला, घरच्या लोकांत जाऊन थांबले. करकर सुरू झाली आणि मधेच थांबली. शटर सुटलंच नाही. चावीचा अडसर निघाला नाही. आणि सातवी चौकट न उघडता तशीच राहिली. मी हे मावशींना सांगितलं तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, पंचाची घडी सरळ करत राहिल्या.

आता खरा पेच होता. दाते मोकळे केले की शटर त्याच क्षणी सुटणार, आणि सातव्या चौकटीवर समोर जे असेल ते उमटणार. थांबवायची सोय नाही. झाकण लावून मोकळं केलं तर चौकट कोरी जाते. मी मुलाला म्हटलं, स्टँड काढा आणि मावशींना बाहेर बसवा.

उजेडाचा हिशेब असा केला. शंभर आयएसओच्या आसपासची फिल्म असेल तर स्वच्छ उन्हात १/१२५ वेगाला एफ १६ चं छिद्र पुरतं. पण कपाटात तापलेल्या फिल्मची नजर मंदावते आणि तिच्यावर धुकं चढतं, म्हणून जितका देता येईल तितका उजेड द्यायचा. वेग कमी करता आला असता, पण सावकाश वेगांनाही असंच दात्यांचं घड्याळ लागतं आणि तेही बसलेलं असण्याची भीती होती. १/१२५ होता तो तसाच ठेवला आणि छिद्र एफ ३.५ पर्यंत पूर्ण उघडलं. छिद्र उघडझाप करायला शटरला धक्का लागत नाही. एफ १६ च्या मानानं हा सुमारे वीसपट उजेड.

डिसेंबरच्या गारठ्यात ग्रीस आणखी आखडतं. कॅमेऱ्याचं धड पांढऱ्या टॉवेलात गुंडाळून, झाकण लावून, फक्त तोंड उन्हाकडं करून तो पंधरा मिनिटं ठेवला. ऊब दात्यांना हवी होती, फिल्मला नको होती. मग स्टँडवर चढवला, झाकण काढलं, टोपडं उघडलं, दुधी काचेवर मावशी आल्या. दाराच्या पायरीवर बसल्या होत्या, डोक्यावरून पदर. आगपेटीच्या काडीचं मागचं टोक सेल्फ टायमरच्या दांड्याला लावलं. धातूचं काही लावायचं नाही, कारण काडी मोडते पण दाता मोडत नाही. हलकेच रेटलं. एक कर्र. थांबला. काडी तिथंच धरून ठेवली. पुन्हा एक कर्र, मग दोन. मावशींनी विचारलं, "झाला का?" आणि तेवढ्यात उरलेलं अंतर दांडा आपला आपण धावला आणि शटर टिक्क वाजलं. एवढासा आवाज, पण शेजारच्या ओट्यावर बसलेली माणसंही वळून पाहायला लागली.

चावी फिरली. उरलेल्या पाच चौकटी मी झाकण लावून कोऱ्याच सोडल्या, सेल्फ टायमरला पुन्हा न शिवता, आणि कागदासकट पूर्ण गुंडाळला गेलेला रोल सावलीत बाहेर काढला. पट्टीवर ऑर्वो असं नाव होतं, पूर्व जर्मनीतल्या वोल्फेनच्या कारखान्याचं. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या इंदूबरोबर हा ऑर्वो आपल्या गावोगावच्या स्टुडिओंत असायचा.

कॅमेऱ्याचं पुढचं काम घरी आणून केलं. दातेमाळ काढून नाफ्थात धुतली, वाळवली, आणि तिच्या आसांना सुईच्या टोकावर येईल तेवढंच घड्याळाचं तेल दिलं. पुष्कळ लोक बाहेरूनच नाफ्था ओततात. तेव्हा शटर चालतंही, पण आतली घाण विरघळून पात्यांवर पसरते आणि महिन्याभरात कॅमेरा परत बसतो. आणखी एक सांगण्यासारखं: जपानी कॅमेऱ्यांचे अधिकच्या (+) खुणेचे स्क्रू साध्या फिलिप्स पेचकसाला पुरते धरत नाहीत, डोकं सोलून निघतं. त्यांच्या मापाचा जपानी पेचकस वेगळा मिळतो. काही ठिकाणी आटे उलटे असतात. हे माहीत नसेल तर वरचं झाकणसुद्धा उघडू नये, सरळ मुंबईला फोर्टातल्या बोरा बाजाराकडं जावं. कॅमेऱ्यांचा तो जुना बाजार आहे आणि हाताची कला असलेले कारागीर अजून तिथं भेटतात.

रोल डी-७६ मध्ये धुतला. १९२७ पासून चालत आलेलं हे डेव्हलपर. धुकं दाबायला त्यात पोटॅशियम ब्रोमाइडची चिमूट टाकली. पहिल्या दोन चौकटी काळ्याकुट्ट निघाल्या. तिसरीत पोळ्याचा बैल, शिंगांना बेगड. चौथी आणि पाचवी एकाच नवराबायकोच्या, स्टुडिओच्या पडद्यापुढं. सहावीत घरची मंडळी दारासमोर उभी, मावशी तरुण, कडेवर मूल, आणि डाव्या अंगाला एक माणूस मावेल एवढी मोकळी जागा सोडलेली. सातवी फार फिकी आहे, आभाळात मागच्या कागदावरचा आकडा उमटलाय, पण पायरी दिसते, पदर दिसतो आणि मावशी काहीतरी विचारतायत हेही दिसतं.

सहाव्या-सातव्या दोन्हींचे प्रिंट घेऊन पुन्हा सेनगावला गेलो. मुलानं कपाटातून वडिलांचा रबरी शिक्का शोधून ठेवला होता. त्यावर स्टुडिओचं नाव आणि खाली 'सेनगाव, जि. परभणी'. १ मे १९९९ ला हिंगोली वेगळा जिल्हा झाला, तेव्हापासून हा पत्ता चुकीचा आहे. मी तसं म्हटल्यावर मावशी म्हणाल्या, "असू दे. त्यायचाच फोटो हाय तो." शाई वाळून गेली होती. मुलानं पॅडवर पाण्याचे चार थेंब टाकले आणि दोन्ही फोटोंच्या मागं शिक्का उठवला.